घरचा डॉक्टर

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं वडीलधारीं माणसें "आमचे डॉक्टर" असें म्हणतात. ह्या "आमचे" शब्दांत काय सांठविलें आहे, तें पाहूं.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. २०१६ सालीं शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही निघालें. परंतु सालेकसा, देवरीकडील जंगलमुलखांत रोग्यास पहिला आधार प्राथमिक आरोग्य केंद्राचा. सपाटीवर ३०,००० व डोंगराळ, आदिवासी भागांत २०,००० लोकवस्तीस एक केंद्र, असें सरकारी प्रमाण आहे. पण आंकड्यांनीं वाट सरत नाहीं. ऐन रोवणींत मजुरी बुडवून आलेल्या बाईस डॉक्टर भेटलेच नाहींत, तर तिच्या लेखीं केंद्र असून नसल्यासारखें.

ह्या बाजूस आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रोग घ्या. त्यांत तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडें-सांधे असह्य ठणकतात. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. दर खेपेस नवे डॉक्टर असले, म्हणजे मूल कण्हत असतां सारी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते. घर ओळखणारे डॉक्टर धाकट्या भावाचें रक्तही तपासावयास सांगतात. रोग्याचें समाधान तें हेंच. सुई टोंचल्यावांचून समाधान नाहीं असें मानणारेही आहेत म्हणा!

डॉक्टरांच्या बदल्या व्हावयाच्याच. म्हणून पालकांनीं तपासणीचे जुने कागद पेटींत एकत्र ठेवावे व प्रत्येक भेटीस न विसरतां बरोबर न्यावे.