मधल्या फळीतला क्लायमॅक्स लॉरेन्स

किहीमच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट झाली, की पोरं चपला मांडून गोल तयार करतात. थोडा वेळ पाहिलंत तर लक्षात येईल, की सगळ्यांना पुढे खेळायचंय. मध्ये थांबायला कुणी राजी नसतं. आज आपण बोलणार आहोत ते या मधल्या जागेबद्दल, आणि ती जागा वर्षानुवर्षं सांभाळलेल्या गोव्याच्या क्लायमॅक्स लॉरेन्सबद्दल.

जन्म १९७९चा. साळगावकर, ईस्ट बंगाल, डेम्पो असे मोठे क्लब आणि भारताचा संघ, अशी त्याची कारकीर्द. पण लोकांना आठवतो तो एक गोल. ३० जुलै २००८, हैदराबाद, एएफसी चॅलेंज कप. समोर अफगाणिस्तान. नव्वद मिनिटं झाली तरी गोलफलक कोरा, आणि वाढीव वेळेत लॉरेन्सनं गोल केला. नाव क्लायमॅक्स आणि गोल शेवटच्या क्षणी; आता यावर वेगळा विनोद करायची गरजच नाही! पुढे १३ ऑगस्टला दिल्लीत भारतानं ताजिकिस्तानला ४-१ हरवलं. त्यात छेत्रीचे तीन गोल, भुतियाचा एक. त्या विजयामुळे १९८४नंतर पहिल्यांदा भारत आशिया कपला पोचला.

आता गंमत अशी, की गोल करणं हे लॉरेन्सचं मुख्य काम नव्हतंच. तो बचावफळीच्या पुढ्यात खेळणारा मध्यरक्षक. बाजूचा बचावपटू वर धावला, की त्याची रिकामी जागा यानं झाकायची. प्रतिस्पर्ध्याचा पास ज्या वाटेनं आघाडीपटूकडे जाईल, त्या वाटेवर आधीच उभं राहायचं. मग समोरचा काय करतो? पास देतच नाही, चेंडू मागे वळवतो. आणि न दिलेला पास कुठल्या तक्त्यात लिहिणार? गोल मोजता येतो. हे काम मोजता येत नाही, म्हणून ते दिसतही नाही.

ते पाहायचं कसं? १९३०मध्ये सलीम अली इथेच, किहीमला, सुगरण पक्ष्यांची घरटी पाहत होते. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि पुढचं घरटं विणायला घेतो. हे त्यांना उमगलं, कारण ते त्याच घरट्यांवर तासन्‌तास नजर ठेवून बसले. मध्यरक्षकाचंही तसंच आहे. दहा मिनिटं चेंडू विसरा आणि त्या एकाच माणसाकडे पाहा.

अर्थात एकटा माणूस सगळं थोपवू शकत नाही. जानेवारी २०११मध्ये दोह्याला आशिया कपच्या तीन सामन्यांत भारतानं १३ गोल खाल्ले: ऑस्ट्रेलियाकडून चार, बहारीनकडून पाच, दक्षिण कोरियाकडून चार. लॉरेन्स त्या संघात होता. तो कमी पडला, असं म्हणणं सोपं आहे, पण आम्हाला ते पटत नाही. आपल्या संघाला चेंडू चार पास टिकवता येत नसेल, तर तो सारखा परत येतो, आणि मधला माणूस नुसता धावत राहतो. दमलेल्या पायांनी जागा पकडता येत नाही.

याची उलट बाजू डेम्पोत दिसते. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखालचा तो संघ चेंडू जमिनीवर ठेवून, छोट्या पासांनी खेळायचा. २००५ ते २०१२ या काळात डेम्पोनं देशाची लीग पाचदा जिंकली, २००८ला एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. लॉरेन्स त्यातली बरीच वर्षं या संघाच्या मधल्या फळीत होता. चेंडू आपल्याकडे असला, की त्याला फक्त हरवलेला चेंडू परत मिळवून जवळच्याला द्यायचा असे. पुढे रँटी मार्टिन्स आणि बेटो होतेच. गोलांच्या यादीत नावं त्यांची. त्या संघाच्या एखाद्या सामन्याचं चित्रण मिळालं, तर गोल होण्याआधीचं अर्धं मिनिट मागे नेऊन बघा, चेंडू कुणी काढून घेतला होता ते.