गाडी जुनी, हात इथले

घरामागच्या शेडमध्ये जुनी स्पोर्ट्स कार वर्षानुवर्षं खोलून ठेवायची आणि एक-एक भाग नीट करत पुन्हा रस्त्यावर आणायची, असं काम कुणी तडीस नेलं की कौतुक होतं ते मालकाच्या चिकाटीचं. बेळगाव-निपाणी पट्ट्यातला गेल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेतला, तर हे कौतुक मला अपुरं वाटतं. इथे जुनी गाडी जगली ती लेथवरच्या टर्नरमुळे, पॅटर्न करणाऱ्या सुतारामुळे, फौंड्रीतल्या मोल्डरमुळे आणि पत्रा ठोकणाऱ्या डेंटरमुळे. कामाला लागणारी वर्षंही मुख्यतः याच लोकांच्या कामाच्या गतीने ठरली. म्हणून अशा गाडीचं ‘मूळपण’ मोजताना त्यांनी घडवलेला भागही तिच्या इतिहासात धरला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

हे हात इथे आले कुठून, याचं उत्तर गाड्यांच्याही आधीच्या काळात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. 1910 मध्ये ते औंध संस्थानात कुंडलला गेले, पण ओतकामाची आणि यंत्रकामाची परंपरा या भागात वाढतच राहिली. उत्तरेला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर ऑइल इंजिनांसाठी नावाजलं, बेळगावात उद्यमबाग उभी राहिली आणि फौंड्री हा शहराचा मोठा धंदा झाला. या दोन गावांच्या मधल्या महामार्गावर निपाणी आहे. तिथल्या तंबाखूच्या पेठेत पैसा होता, गाड्या होत्या आणि नादुरुस्त भाग घेऊन उत्तरेला जायचं की दक्षिणेला, एवढाच प्रश्न होता. निपाणीपासून जवळच, इचलकरंजीत, शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढची वीसेक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. ‘मीरा’चं कारखान्यात उत्पादन झालं नाही. पण आख्खी मोटार घडवण्याची हिंमत ज्या भागात होती, तिथे गिअरबॉक्सचं फुटलेलं कव्हर नव्याने ओतणं फार अवघड मानलं जात नव्हतं.

आणि त्याची गरजही होती. तयार परदेशी गाड्यांच्या आयातीवर 1949 मध्ये बंदी आली. सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच इथे गाड्या बांधाव्यात, असं 1953 मध्ये ठरलं. तेव्हा 1928 पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने काम गुंडाळलं, फोर्डही गेली. त्यांच्या गाड्या मात्र इथेच राहिल्या. घाटाखाली गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. तिथे आयातीवर भारतासारखी बंधनं नव्हती, त्यामुळे मुक्तीनंतर तिथल्या परदेशी गाड्याही याच बाजारात आल्या. त्यांचे भाग मिळणार कुठून? मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने 1961 ते 1971 या काळात काढलेल्या हेराल्डचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय आवृत्ती. ट्रायम्फची स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार याच घराण्यातली: आराखडा त्याच डिझायनरचा, मिकेलोत्तीचा, इंजिन त्याच जातीचं, चाकांमधलं अंतर मात्र साडेआठ इंचांनी कमी. त्यामुळे भारतात स्पिटफायर दुरुस्त करणाऱ्याला हेराल्डचं भंगार म्हणजे भागांचं कोठार ठरतं. दोन्हींची पुढची मडगार्डं बॉनेटला जोडलेली असतात आणि बॉनेट पुढे कलंडलं की इंजिनाबरोबर पुढचं सस्पेन्शनही उघडं पडतं. घरी काम करणाऱ्याला यापेक्षा सोयीची रचना मिळणं कठीण.

तरी वर्षं का लागतात? पैसा आणि सवड नाही म्हणून, असं उत्तर सहज दिलं जातं. ते काही अंशी खरं आहे, पण कामाचा क्रम पाहिला की खरं कारण दिसतं. वॉटर पंपाची बॉडी पाण्याने खाल्लेली आहे, असं धरू. जुन्या नगावरून लाकडी पॅटर्न करायचा, तर तो नगापेक्षा किंचित मोठा हवा, कारण ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसतं. ॲल्युमिनियम त्याहून अधिक आकसतं. शिवाय जिथे मशीनिंग होणार तिथे वेगळी जाडी सोडायची, आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स करायचा. एवढं झाल्यावर प्रश्न येतो फौंड्रीचा. टनांनी माल ओतणाऱ्या कारखान्याला एका नगात काय रस असणार? मोठी ऑर्डर ओतली जात असताना शेवटच्या लाडलमध्ये उरलेल्या धातूवर आपला साचा भरून घ्यायचा, तर त्या दिवसाची आणि ओळखीची वाट पाहावी लागते. मग आट्यांचा घोळ. ब्रिटिश गाडीचे बोल्ट इंचांच्या मापाचे, नव्या लेथचा लीड स्क्रू मेट्रिक. त्यावर इंची आटे अचूक पाडायला 127 दात्यांचा गिअर लागतो आणि तो प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसतो. अजूनही सुतात माप सांगणारा जुना टर्नर आणि त्याची जुनी लेथ म्हणूनच मोलाची. आणि वर बेळगावचा पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की लॅकर रंग मारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, आणि उघडा पत्रा काही दिवसांत तांबूस होतो. म्हणजे रंगकामाला वर्षाचे आठच महिने. यातला कुठला उशीर मालकाच्या आळसाचा म्हणता येईल?

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की बेळगावात ओतलेला पंप बसवला की गाडी ‘ओरिजिनल’ राहत नाही; थांबावं, परदेशातून योग्य भाग मागवावा. आज तो मागवता येतो, हे खरं. पण परदेशात आज मिळणारा भागही बहुतेक वेळा नव्यानेच बनवलेला असतो, मूळ कारखान्याचा क्वचितच. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे ‘फिवा’ची ट्युरिन सनद वाहनाच्या वापराच्या काळात झालेले बदलही त्याच्या इतिहासाचा भाग मानते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवायला सांगते. ही भूमिका मला पटते. 1965 च्या टंचाईत बसवलेला स्थानिक भाग काढून चकचकीत परदेशी भाग घातला, तर गाडीच्या आयुष्यातला एक खरा कालखंड पुसला जातो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये झालेली दुरुस्ती मात्र काटेकोर आहे. पन्नास वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपातलं आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेलं वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मूळ इंजिन काढून भलतंच डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या यातून वगळल्या, हे योग्यच झालं. पण मूळ नमुन्यावरून हुबेहूब घडवलेला भाग आणि मनमानी फेरफार यांतला फरक तपासणीत स्पष्टपणे मानला गेला पाहिजे. एकाने गाडीचा आराखडा जपलेला असतो, दुसऱ्याने मोडलेला.

सुरक्षिततेचा आक्षेप मी अधिक गंभीर मानतो. ब्रेक, स्टीअरिंग आणि सस्पेन्शनचे भार पेलणारे सांधे घरगुती ओतकामावर सोडू नयेत. ओतीव भागात आत पोकळी राहिली तर ती बाहेरून दिसत नाही आणि भाग ताकीद न देता तुटतो. तिथे खात्रीच्या कंपनीचा नवा भागच हवा, मूळपणाला थोडा धक्का बसला तरी. हा श्रीमंतांचा षोक आहे, या म्हणण्यात मात्र फारसं तथ्य नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला निघते, तिची गोष्ट निराळी. इथल्या शेडमध्ये उभ्या असतात त्या हेराल्ड, फियाट, डिस्पोजलच्या जीप, आणि त्यांवरचा खर्च बराचसा इथल्याच छोट्या वर्कशॉपमध्ये जातो.

सीमाभागात कागदांची अडचण आणखी वेगळी. 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि 1973 मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. गाडी दारातून हलली नाही तरी तिच्या कागदांवरची राज्यं बदलली. शिवाय कोगनोळी नाक्यापलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, आणलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची, तर तिची इथे नव्याने नोंदणी करावी लागते. जुनं नोंदणीपुस्तक हरवलेलं असलं की अख्खं बांधून झालेलं वाहन शेडमध्येच अडकतं. अशा वेळी कुठला भाग कुठल्या वर्षी, कुठल्या वर्कशॉपमध्ये, कशावरून घडवला याची फोटोंसह ठेवलेली वही उपयोगी पडते. पॅटर्नही असाच जपून ठेवायला हवा. काम झालं की फौंड्रीच्या कोपऱ्यात पडलेला लाकडी पॅटर्न पावसाळ्यात फुगतो किंवा सरपणात जातो, आणि पुढच्या हेराल्डवाल्याला तो पहिल्यापासून करावा लागतो. उद्यमबागेत किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये अशा पॅटर्नसाठी नाव-मापाची चिठ्ठी लावलेलं एक कपाट ठेवणं फार खर्चाचं नाही, आणि ते जुने पॅटर्नमेकर कामावर आहेत तोवरच भरता येईल.