मोदकाचे पोट आणि चोरखमाऱ्याचा ख

मुद्रणातील अक्षरवळणांचे, कार्याच्या दृष्टीने पाहता, दोन वर्ग पडतात. ग्रंथाच्या मजकुराचा टाइप वाचकाच्या नजरेस आडवा येऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. उलट, शीर्षकाचा किंवा पाटीचा टाइप आधी दिसावा लागतो व मग वाचला जावा लागतो. या दुसऱ्या वर्गातील जी वळणे हाताने रेखाटलेल्या अक्षरांवरून सिद्ध होतात, त्यांत पुष्कळदा हेतुपुरस्सर विक्षिप्तपणा असतो. तो कोठवर शोभतो व कोठे वाचनाच्या मुळावर येतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याच्या विवेचनासाठी 'मोदक' हा टाइप येथे घेतला आहे.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने तो तयार केला. त्यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांची आहेत. मुक्त परवान्यामुळे तो कोणासही विनामूल्य वापरता येतो. अक्षरे नावाप्रमाणेच गुबगुबीत आहेत. सामान्यतः अक्षर जाड करताना त्याच्या पोटातील पोकळी प्रमाणात राखली जाते. येथे ती जवळजवळ बुजवून केवळ एक बारीक पांढरी चीर ठेविली आहे. परिणामी अक्षराची ओळख काळ्या रेघेकडून पांढऱ्या चिरेकडे गेली आहे. या टाइपचा सारा विनोद, आणि सारा धोकाही, त्या चिरेत आहे.

पाट्या रंगविणाऱ्या पेंटरला हा धोका फारसा जाणवत नाही. त्याच्यापुढे एका वेळी एकच नाव असते. दोन अक्षरे एकमेकांस भिडू लागली तर तो एखादी मात्रा वाकवितो, एखादा काना आखूड करितो. मराठी नाटकांच्या शीर्षकांना ज्यांनी अक्षररूप दिले, त्या कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्या कामातही प्रत्येक नावाची अडचण त्या नावापुरतीच सोडविलेली दिसते. टाइप करणाऱ्याला ही मुभा नाही. पुढे कोण कोणते नाव जुळवील हे त्यास ठाऊक नसते. म्हणून हाताचा लहरीपणा त्याला आधीच, सर्व संयोगांसाठी, नियमात बांधावा लागतो.

उदाहरण म्हणून गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे नाव घेऊ. नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वारामुळे ते पर्यटकांच्या परिचयाचे आहे. दिसावयास हे नाव सोपे. त्यात जोडाक्षर नाही, उकार नाही, अनुस्वार नाही. तरीही जाड अक्षरांत ते काढू गेल्यास दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली उभ्या दंडांची. च, ख व म यांचे तीन दंड आणि तीन काने मिळून सहा उभ्या रेघा या पाच अक्षरांच्या नावात येतात. त्यांतही 'चो' आणि 'मा' यांत दोन-दोन रेघा शेजारी आहेत. त्या फुगविल्या की काळी भिंत तयार होते. मधली फट अक्षराच्या पोटातील चिरेशी मिळतीजुळती ठेविली, तरच डोळा अडखळत नाही.

दुसरी अडचण 'ख'ची. 'ख'चे दोन भाग सुटे राहिले तर तो 'रव' असा वाचला जातो. ते तळाशी जोडून छापण्याची पद्धत पडली ती याचसाठी. या नावात तर 'ख'च्या आधीच एक 'र' उभा आहे. जोड सैल पडली की 'चोररवमारा' असे काही तरी वाचावे लागेल! जेथे अक्षराची पोकळी म्हणजे केवळ एक चीर, तेथे ही चीर तळापर्यंत गेली की थांबली, एवढ्यावरच अक्षराचा अर्थ अवलंबून असतो.

याच जिल्ह्यातील 'अर्जुनी' हे नाव निराळी परीक्षा घेते. वर रफार व वेलांटी, खाली उकार, आणि मधून जाणारी शिरोरेषा. रोमन लिपीतील जाड अक्षराला हा दुमजली भार वाहावा लागत नाही. देवनागरीत मूळ अक्षराची उंची कमी केल्यावाचून वरखाली जागा निघत नाही, व उंची कमी झाली की पोकळी आणखी आक्रसते. जाड देवनागरी टाइप संख्येने थोडे का, याचे एक कारण येथे सापडते.

उपयोगाविषयी आमचे मत असे. दोन-चार शब्द, मोठा आकार आणि प्रसन्न प्रसंग, एवढे जुळले की हा टाइप उत्तम काम देतो. बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, मिठाईची पेटी, उत्सवाची पत्रिका ही त्याची ठिकाणे. दिवाळीनंतर वडशाच्या नाटकमंडळ्या झाडीपट्टीत हिंडू लागतात. त्यांच्या एखाद्या विनोदी नाटकाच्या फलकावरही तो शोभेल. करुण नाटकाला मात्र तो देऊ नये. तेथे मायलेकींची ताटातूटही लाडवासारखी दिसेल. हलक्या कागदावर शाई पसरते व चिरा भरून जातात; पडद्यावर आकार लहान केला तरी तेच घडते. म्हणून छापण्यापूर्वी प्रत्यक्ष आकारात, प्रत्यक्ष कागदावर नमुना काढून पाहणे अगत्याचे आहे.

अभयारण्याच्या दारावरील पाटीचे काय? गावाचे नाव मोठ्या अक्षरांत या टाइपने लिहावयास हरकत नाही. पाच अक्षरे आहेत, डोळा त्यांवर थांबेल. परंतु त्याखाली येणारे नियम, वेळा व सूचना साध्या मजकुरी वळणातच असाव्यात. वन्य प्राण्यापासून दूर राहा ही सूचना गाडीत बसल्या बसल्या, क्षणभरात वाचली जावयाची असते.