एकाच पातेल्यातले जेवण

मधुमेह घरात आला की तो केवळ एका माणसाच्या देहात राहत नाही, तो साऱ्या घराच्या पंगतीत येऊन बसतो. आजोबांचे ताट वेगळे, त्यांची जेवणाची वेळ वेगळी. मुले पाकिटातल्या नूडल्सच्या वाफाळत्या वाडग्याभोवती जमलेली, आणि ज्यांनी जेवणाआधीची प्रार्थना सांगावयाची, ते कोपऱ्यात एकटे. अशी घरे आम्ही पाहिली आहेत. पथ्य पाळले जाते खरे, परंतु पंगत मोडते.

आग्रा-मुंबई महामार्गावर, महूच्या पुढे वसलेल्या आमच्या मानपुरात ही अडचण विशेष जाणवते. माळव्याचा गहू नावाजलेला. सकाळी पोहे, दुपारी पोळी, सणाला दाल-बाफले; म्हणजे ताटाचा बहुतेक भाग पिष्टमय पदार्थांचाच. गव्हाच्या शंभर ग्रॅम कोरड्या नूडल्समध्ये सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असते, तर तेवढ्याच दुधीभोपळ्यात अवघे ३ ते ४ ग्रॅम. मग दुधीच्याच शेवया का करू नयेत?

जपानात कोंजाक नावाच्या कंदापासून अत्यल्प पिष्टाच्या शेवया करतात. हा कंद आपल्या सुरणाचा भाऊबंद. मात्र सुरणात पिष्ट भरपूर असल्याने ते येथे उपयोगी नाही. टोफूची गोष्ट निराळी. माळव्यात १९७० नंतर सोयाबीनची शेती झपाट्याने वाढली, १९८७ साली इंदूर येथे राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्रही स्थापन झाले. असे असूनही दारापुढचे हे पीक आपण तेलाच्या गिरणीपलीकडे फारसे ओळखत नाही. चीन व जपानातील गृहिणी त्याच दाण्याचे दूध साकळवून पनीरासारखा टोफू करतात. तो इंदूरला मिळतो. न मिळाल्यास ताजे पनीर घ्यावे.

चौघांसाठी साहित्य असे : अर्धा किलो कोवळा दुधी, दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी, तीन अंडी, २०० ग्रॅम टोफू, बोटभर आले, सहा-सात लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर, एक मोठा चमचा सोया सॉस, मिरपूड व लिंबू.

प्रथम दुधीचा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो. साल काढून सोलाण्यानेच लांब, पातळ पट्ट्या काढाव्यात व मधला बियांचा गर सोडून द्यावा. अंडी फेटून तव्यावर पातळ पोळ्या घालाव्यात, त्यांची गुंडाळी करून शेवयांसारख्या कापाव्यात. पातेल्यात चमचाभर तेलावर आले, लसूण, मिरची व कोथिंबिरीचे देठ परतून सहा कप पाणी घालावे. पाच मिनिटे उकळल्यावर कोबी, दोन मिनिटांनी दुधी व टोफू घालून आणखी तीन मिनिटे ठेवावे. दुधी अधिक शिजला की लगदा होतो. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव पाहूनच घालावे. दाटपणासाठी मक्याचे पीठ घालू नये. त्याने सारा हेतूच फसतो. वाडग्यात अंड्याच्या शेवया ठेवून वरून कढत सूप ओतावे. कांद्याची पात, मिरपूड व लिंबाचा रस शेवटी. सारे काम अर्ध्या तासात आटोपते.

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारीही हे जेवण चालते. पोप पॉल सहावे यांच्या १९६६ च्या आदेशानुसार त्या दिवशी मांस वर्ज्य आहे, अंडी नव्हेत.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. इन्शुलिन अथवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना पोळी-भात एकाएकी बंद केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना प्रथिनांचेही मोजमाप पाळावे लागते. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच हा बदल करावा. वाढत्या वयाच्या मुलांना सोबत पोळी अवश्य द्यावी.

गृहिणींनो, या सुपाने रोग बरा होतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकाच पातेल्यातून आजोबांना व नातवाला वाढता येते, आणि जेवणाआधीची प्रार्थना पुन्हा आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळते. कोपऱ्यातले ते एकटे ताट उचलले गेले, तर अर्ध्या तासाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.