अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी ‘खास’ मांजर असते का?

मांजराचे पिल्लू विकत घ्यायला गेले की अलीकडे एक शब्द हमखास कानावर पडतो : ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’. म्हणजे ज्याच्यामुळे अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता कमी, असे. सायबेरियन, बालिनीज, डेव्हन रेक्स, अंगावर केसच नसलेले स्फिंक्स ही या यादीतली नेहमीची नावे. देशी मांजराचे पिल्लू कोणीही आनंदाने फुकट देते. या जातींसाठी मात्र हजारो रुपये मोजावे लागतात. घरात कोणाला मांजराची अ‍ॅलर्जी आहे आणि मुलांनी तर हट्टच धरला आहे, अशा वेळी चार पैसे जास्त देऊन प्रश्न सुटत असेल तर काय वाईट, असे वाटणे स्वाभाविक आहे. विज्ञानाचे उत्तर मात्र तितके सोयीचे नाही.

दोष केसांचा नव्हे, प्रथिनाचा

मांजराच्या केसांमुळे शिंका येतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्रास देते ते ‘फेल डी १’ नावाचे एक प्रथिन. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांचे शरीर याच प्रथिनाला शत्रू समजते. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींमध्ये तयार होते. मांजर दिवसभर अंग चाटत असते, त्यामुळे लाळ केसांवर आणि कातडीवर पसरते. ती वाळली की तिचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. हे कण इतके हलके असतात की तासन् तास तरंगत राहतात आणि श्वासावाटे थेट फुप्फुसांत पोहोचतात. ते कपड्यांना चिकटून प्रवासही करतात. म्हणूनच जिथे कधी मांजर नव्हते अशा घरांत आणि शाळांच्या वर्गांतही हे प्रथिन सापडते.

एवढे लक्षात घेतले की केस नसलेल्या मांजराचे कोडे आपोआप सुटते. स्फिंक्सला केस नसले तरी त्वचा आहे, लाळ आहे आणि तैलग्रंथीही आहेत. केस कमी गळतील, सोफा स्वच्छ राहील. प्रथिन मात्र तयार होतच राहणार.

जातीपेक्षा मांजर महत्त्वाचे

मग सायबेरियन किंवा बालिनीजबद्दलचे दावे सगळे खोटे का? तसेही नाही. काही मांजरांमध्ये हे प्रथिन खरोखरच कमी असते. पण हा फरक एका जातीच्या मांजरांमध्येही मोठा असतो. एकाच आईच्या दोन पिल्लांमध्येही तो असू शकतो. इतकेच काय, एकाच मांजराच्या लाळेतले प्रमाणही काळानुसार बदलते. एखाद्या जातीतली सगळी मांजरे अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने सुरक्षित आहेत, असे आजवर कोणत्याही अभ्यासातून सिद्ध झालेले नाही. जातीपेक्षा ठळक फरक पडतो तो लिंगामुळे. निर्बीजीकरण न झालेल्या बोक्यात प्रथिनाचे प्रमाण जास्त असते. माद्यांमध्ये आणि निर्बीजीकरण झालेल्या बोक्यांमध्ये ते कमी आढळते. रंगाचे म्हणाल, तर गडद रंगाच्या मांजरांमुळे जास्त त्रास होतो असे एखाद्या अभ्यासात दिसले, तर इतर अभ्यासांत रंगाचा काहीच संबंध आढळला नाही. तेव्हा काळ्या मांजरावर हा आणखी एक आळ नको.

कुत्र्यांच्या बाबतीत हीच कथा आणखी स्पष्टपणे पुढे आली आहे. २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या कुटुंबाने मुलीच्या अ‍ॅलर्जीचा विचार करून पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा ‘बो’ आणला आणि ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ हा शब्द जगभर पोहोचला. त्यानंतर २०११ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटच्या संशोधकांनी कुत्रे असलेल्या घरांतली धूळ तपासली. अशा ‘खास’ जातींची घरे आणि इतर घरे यांच्यात कुत्र्याच्या अ‍ॅलर्जीकारक प्रथिनाच्या प्रमाणात काहीच फरक आढळला नाही.

तरीही ‘आमच्याकडे सायबेरियन आहे आणि मला काही होत नाही’ असे सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नसतात. त्यांच्या वाट्याला कमी प्रथिनाचे मांजर आलेले असते, त्यांची अ‍ॅलर्जी सौम्य असते किंवा रोजच्या सहवासाने शरीराला थोडीफार सवय झालेली असते. त्यांचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

प्रयोगशाळेतून काय येत आहे?

संशोधकांचे लक्ष आता जातीऐवजी प्रथिनावर आहे. कोंबडीच्या अंड्यातील प्रतिपिंडे मिसळलेले मांजरांचे खाद्य काही देशांत मिळू लागले आहे. ही प्रतिपिंडे लाळेतल्या ‘फेल डी १’ला निष्प्रभ करतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्पादक कंपनीच्याच अभ्यासात तीन आठवड्यांनंतर केसांवरील सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे सुमारे निम्मे उरलेच. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मांजरालाच टोचायची लस तयार केली आहे, तर अमेरिकेत ‘क्रिस्पर’ तंत्राने मांजराच्या पेशींतून या प्रथिनाची जनुके काढून टाकण्याचे प्रयोग झाले आहेत. पण पेशींवरचा प्रयोग म्हणजे दुकानात मिळणारे पिल्लू नव्हे.

मांजर आणण्यापूर्वी

पहिली पायरी म्हणजे त्रास नक्की कशाचा आहे हे तपासणे. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत गादीतले सूक्ष्म कीटक आणि भिंतीवरची बुरशी यांच्यामुळेही नेमक्या अशाच शिंका येतात. त्वचेवरची प्रिक चाचणी किंवा रक्तचाचणी आणि डॉक्टरांचा सल्ला यातून गुन्हेगार सापडू शकतो.

ठरवलेल्या मांजराच्या सहवासात अर्धा तास घालवून निर्णय घेऊ नये. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा जावे, त्याला मांडीवर घ्यावे आणि घरी आल्यावरही रात्रीपर्यंत लक्ष ठेवावे. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हा प्रयोगसुद्धा डॉक्टरांना विचारूनच करावा. दम्याचा झटका जिवावर बेतू शकतो.

मांजर आधीच घरात असेल, तर बेडरूममध्ये त्याला प्रवेश बंद ठेवावा, हेपा फिल्टर वापरावा, गालिचे आणि जाड पडदे कमी करावेत, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात आणि मांजराला हात लावल्यावर डोळे चोळू नयेत. मांजराला आंघोळ घातल्याने प्रथिन घटते, पण दोन-तीन दिवसांत ते पूर्ववत होते. औषधांनी भागत नसेल, तर इम्युनोथेरपीचा पर्याय आहे. त्यासाठी साधारण तीन ते पाच वर्षे उपचार घ्यावे लागतात.

आणि एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मांजर घराबाहेर गेले तरी गाद्या आणि सोफ्यातले प्रथिन कित्येक महिने टिकते. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आराम पडत नाही आणि तोवर घरात वाढलेले मांजर मात्र रस्त्यावर आलेले असते. विकणाऱ्याच्या एका शब्दावर विसंबून महागडे पिल्लू आणण्यापूर्वी एवढा विचार केला, तर माणसाचा श्वास आणि मांजराचे घर दोन्ही शाबूत राहतील.