घरच्या संगणकावर आकाशवाणी ऐकण्याची रीत

मृग तोंडावर आला म्हणजे शेतकऱ्याचे कान आपोआप हवेच्या बातमीकडे लागतात. पेरणी उरकून घ्यावी कीं चार दिवस थांबावें, खळ्यावरचा माल झांकावा कीं राहूं द्यावा, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. बियाण्याखतांत घातलेला वर्षाचा पैसा त्यावर अवलंबून असतो. नेमक्या अशा दिवसांत रेडिओ खरखरूं लागला म्हणजे काय तळमळ होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मध्यम लहरीवर पूर्वीं स्वच्छ ऐकूं येणारीं केंद्रें आज पुष्कळ घरांत नीट लागत नाहींत. दोष नेहमीं केंद्राचाच असतो असें नाहीं. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर हीं साधनें स्वतःच बारीक विद्युल्लहरी बाहेर टाकतात, व त्या मध्यम लहरींत मिसळून आवाज गढूळ करितात.

पुण्यास स्वारगेटच्या आसपास बिऱ्हाड केलेल्या शेतकरी कुटुंबांस हा अनुभव विशेष येतो. मुलांच्या शिक्षणाकरितां एखादी खोली घ्यावी, माल घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत आलें म्हणजे रात्रीं तेथेंच टेकावें, व पहाटेची एस. टी. धरून गांवीं परतावें, असा पुष्कळांचा परिपाठ आहे. चहूंकडे सिमेंटच्या उंच इमारती, खालीं दुकानांच्या दिव्यांच्या रांगा. अशा ठिकाणीं जुन्या रेडिओचें कांहीं चालत नाहीं. मात्र त्याच खोलींत मुलाच्या अभ्यासाचा संगणक असतो व इंटरनेटची तारही आलेली असते. त्या संगणकावरून आकाशवाणी कशी ऐकावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

रेडिओंत व या रीतींत मूळचा भेद असा. रेडिओचें केंद्र एकदां लहर सोडतें व ती ज्याला हवी त्यानें घ्यावी. ऐकणारे दहा असोत कीं दहा लाख, केंद्राचा खर्च वाढत नाहीं. इंटरनेटवर तसें नाहीं. तेथें प्रत्येक ऐकणाऱ्याकरितां आवाजाचे बारीक तुकडे निराळे पाठवावे लागतात, व ते आपल्या संगणकांत येऊन पोहोंचल्यावर ओळीनें जोडून वाजविणारें एक सॉफ्टवेअर असावें लागतें. यासच मीडिया प्लेअर म्हणतात.

आवाजाचे तुकडे आहेत तसे पाठवावयाचे म्हटल्यास ओझें फार होतें. गाण्याच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळां आवाजाचें माप घेतलेलें असतें, व दोन्ही बाजूंचा हिशेब केल्यास सेकंदास सुमारें १,४११ किलोबिट होतात. बोलण्याच्या कार्यक्रमास ६४ किलोबिट पुरतात, म्हणजे बाविसांतला एक हिस्सा. जें कानाला एरवीं जाणवतच नाहीं तें गाळून हा संक्षेप करितात. उसाचा रस आटवून गूळ करावा तसाच हा प्रकार आहे. गूळ वाहून नेण्यास सोपा, पण त्यापासून मूळचा रस जशाचा तसा पुन्हां मिळत नाहीं. शास्त्रीय गायन कान देऊन ऐकणाऱ्यास हा फरक कळेल. बाजारभावाच्या व हवामानाच्या बातमीस त्याची पर्वा करण्याचें कारण नाहीं.

याच हिशेबानें खर्चही काढतां येतो. सेकंदास ६४ किलोबिट या मानानें एका तासास सुमारें २९ मेगाबाइट लागतात, व १२८ किलोबिट असल्यास ५८. रोज एक तास ऐकणाऱ्यानें महिन्याकाठीं एक गिगाबाइटाच्या आंतच काम भागवावें. चित्रपट पाहण्यास लागणाऱ्या डेटापुढें हें कांहींच नव्हे. इंटरनेटवर रेडिओ ऐकणें म्हणजे चैन, ही समजूत आम्हांस निराधार वाटते.

मीडिया प्लेअर पुष्कळ आहेत. आम्ही व्हीएलसी सुचवितों, कारण तो फुकट मिळतो, त्यांत जाहिराती नाहींत, व जुन्या, मंद संगणकावरही तो चालतो. फ्रान्समधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं हें काम आरंभिलें व २००१ सालीं तें सर्वांस मोकळें केलें. रस्त्यावर ठेवतात तसला नारिंगी शंकु ही त्याची खूण. तो व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. २०२२ सालीं कांहीं महिने हें स्थळ भारतांतून उघडत नसे. त्या सालच्या नोव्हेंबरांत तें पुन्हां खुलें झालें. तशाच नांवाचीं फसवीं स्थळें असतात, व तेथून घेतलेल्या मालाबरोबर नको तीं सॉफ्टवेअरें घरांत शिरतात. बियाणें जसें खात्रीच्या दुकानांतून पावती घेऊन घेतों, तशीच येथेंही दक्षता बाळगावी. व्हीएलसीकरितां कोणी पैसे मागितल्यास तो लबाड आहे असें खुशाल समजावें.

प्लेअर उघडल्यावर वरच्या पट्टींत ‘मीडिया’ असें नांव दिसेल. त्याखालीं ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ हें कलम निवडावें, किंवा कंट्रोल व एन ह्या कळा एकदम दाबाव्या. जी चौकट उघडते तींत केंद्राच्या ध्वनिप्रवाहाचा पत्ता लिहून ‘प्ले’ दाबलें कीं आवाज सुरू होतो. येथेंच पुष्कळांची फसगत होते. केंद्राचें संकेतस्थळ निराळें व ध्वनिप्रवाहाचा पत्ता निराळा. पहिला पत्ता म्हणजे दुकानाची पाटी. दुसरा म्हणजे कोठाराचें दार. पाटीचा पत्ता प्लेअरला दिला तर बहुधा आवाज येणार नाहीं. प्रवाहाच्या पत्त्याच्या शेवटीं पुष्कळदां एमपीथ्री, एएसी किंवा एमथ्रीयूएट अशीं अक्षरें असतात. हे पत्ते अधूनमधून बदलतात. तेव्हां एक दिवस आवाज आला नाहीं म्हणून संगणक बिघडला असें मानूं नये. आकाशवाणीनें आपल्या न्यूज-ऑन-एअर या स्थळावर पुष्कळ केंद्रें थेट ऐकण्याची सोय केलेली आहे, व तेथें नुसतें बटण दाबलें तरी चालतें. ज्याचें काम तेवढ्यानें भागतें त्यानें प्लेअरच्या खटपटींत पडण्याचें कारण नाहीं. ज्याची तार मंद आहे किंवा ज्यास कार्यक्रम टिपून ठेवावयाचा आहे, त्यालाच प्लेअरचा खरा उपयोग.

मंद तारेवर आवाज मधूनमधून तुटतो, त्याचा उपाय आमच्या बागाईतदार वाचकांस चटकन् समजेल. पाटाचें पाणी पाळीपाळीनें येतें. पण मध्यें हौद बांधून तो भरून ठेवला म्हणजे सारणींत पाणी अखंड सोडतां येतें. प्लेअरही आलेला आवाज थोडा सांठवून मग वाजवितो. व्हीएलसीचा हा हौद आपणहून एक सेकंदाचा, म्हणजे १,००० मिलिसेकंदांचा असतो. वर सांगितलेल्या चौकटींत ‘शो मोअर ऑप्शन्स’ ह्यावर खूण केली असतां ‘कॅशिंग’ असें दिसतें; तेथें ५,००० लिहावें. आवाज पांच सेकंद उशिरां सुरू होईल, परंतु मध्यें तुटणार नाहीं. मात्र येणारें पाणीच जाणाऱ्यापेक्षां कमी असेल तर हौद केवढाही मोठा असो, तो रिकामा होणारच; तशा वेळीं कमी किलोबिटांचा प्रवाह शोधावा. या सांठवणीमुळें व वाटेंतल्या इतर मुक्कामांमुळें इंटरनेटवरील आकाशवाणी रेडिओच्या मागें असते, कधीं कधीं अर्धा मिनिटही. यास्तव तीवरील ठोक्यांवर घड्याळ लावूं नये.

आतां मोबाईल हातांत असतां संगणकाची उठाठेव कशाला, असा प्रश्न निघेल. आमच्या मतें कारण सबळ आहे. पुण्याचें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें, व १९५६ सालीं युनेस्कोच्या साह्यानें तेथून एक प्रयोग झाला. पुण्याच्या आसपासच्या पांच जिल्ह्यांत सुमारें दीडशें गांवीं श्रोतृमंडळें स्थापिलीं. आठवड्यांतून दोनदां याप्रमाणें वीस कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडांतल्या शेतकऱ्यांच्या रेडिओमंडळांवरून घेतलेली होती. मंडळींनीं एकत्र बसून ऐकावें, लगेच चर्चा करावी, व आपल्या शंका केंद्राकडे कळवाव्या, अशी योजना. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूराथ यांनीं त्याची तपासणी केली. ज्या गांवीं रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, त्यांच्यापेक्षां मंडळाच्या गांवांतील लोकांच्या माहितींत कितीतरी अधिक भर पडल्याचें आढळलें. कानांत बोंडें घालून एकट्यानें मोबाईल ऐकणारा मनुष्य यांतलें कांहींच करूं शकत नाहीं. संगणकास दोनतीनशें रुपयांचे साधे स्पीकर जोडले कीं आठदहा जणांस सहज ऐकूं येतें, व सोसायटीच्या कचेरींतला संगणक संध्याकाळीं रिकामाच असतो.

कार्यक्रमाच्या वेळीं शेतावर असणाऱ्यांस आणखी एक सोय आहे. ‘व्ह्यू’ या नांवाखालीं ‘ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स’ निवडलें असतां एक तांबडें बटण दिसूं लागतें. तें दाबल्यापासून पुन्हां दाबीपर्यंतचा कार्यक्रम संगणकांत टिपला जातो, व तो बहुधा ‘म्युझिक’ किंवा ‘व्हिडिओज’ ह्या कप्प्यांत सांपडतो. घरच्या मुलास वेळ सांगून ठेवली कीं काम झालें. कीडरोगाविषयींचें भाषण दोनतीनदां ऐकिल्यानें औषधांचीं प्रमाणें चुकत नाहींत. टिपलेला कार्यक्रम आपल्या उपयोगापुरता ठेवावा. तो विकण्याचा किंवा आपल्या नांवानें प्रसृत करण्याचा हक्क आपणांस नाहीं. हवामानाची बातमी मात्र टिपून ठेवूं नये, ती त्या त्या दिवशीं ताजीच ऐकावी.

ऐकणें संपल्यावर नुसता आवाज बारीक करून उठूं नये. ‘स्टॉप’चें बटण दाबून प्लेअर बंद करावा. आवाज बंद असला तरी प्रवाह चालूच राहातो, व ६४ किलोबिटांच्या मानानें रात्रीच्या आठ तासांत २३० मेगाबाइट फुकट जातात.