रिचार्जेबल सेल: वेष्टनावरचा आकडा आणि आतले सत्य

रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची विजेरी, सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या हातातला टॉर्च, घरातली पॉवरबँक, मुलांची रिमोटवर चालणारी मोटार. या सगळ्यांच्या पोटात पुष्कळदा एकच वस्तू सापडते. ती म्हणजे अंगठ्याएवढा जाड, पेन्सिल सेलपेक्षा थोडा मोठा असा लिथियम-आयन सेल. त्याला ‘१८६५०’ या आकड्याने ओळखले जाते. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य दंडगोल आकाराची खूण, असा या आकड्याचा अर्थ आहे.

विजेरी चांगली असते, पण वर्षा-दोन वर्षांत तिचा सेल थकतो. मग नवा सेल शोधण्याची वेळ येते आणि ग्राहकाचा गोंधळ उडतो. एकाच आकाराचे दोन सेल, एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट. त्यातही स्वस्त सेलच्या वेष्टनावरचा क्षमतेचा आकडा महाग सेलच्या तिप्पट! साहजिकच हात स्वस्ताकडे जातो. मात्र या निवडीत पैसे वाया जाण्याचा धोका आहेच, शिवाय हात भाजण्याचा आणि घराला आग लागण्याचाही आहे. त्यामुळे या सेलची परीक्षा कशी करावी, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

धोका उघड झाला तो परदेशात

सुट्या १८६५० सेलच्या धोक्याची मोठ्या प्रमाणावर चर्चा झाली ती अमेरिका-युरोपात, आणि तिचे निमित्त होते ई-सिगारेट अर्थात व्हेप. या उपकरणातली तारेची कॉइल क्षणार्धात तापवण्यासाठी सेलमधून मोठा विद्युतप्रवाह खेचला जातो. अनेक उपकरणांत सेल बदलण्याची सोय असल्याने ग्राहक सुटे सेल विकत घेऊ लागले आणि ते खिशात बाळगू लागले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २००९ ते २०१६ या काळात त्या देशात ई-सिगारेटला आग लागण्याच्या वा तिचा स्फोट होण्याच्या १९५ घटना प्रसारमाध्यमांत नोंदल्या गेल्या. त्यांतील जवळपास तीनपैकी एक घटना उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडली होती. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटांत प्रत्येकी एकाचा मृत्यू झाला.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने सुटे १८६५० सेल विकत घेऊ नयेत व वापरू नयेत, असा इशाराच दिला. हे सेल मुळात लॅपटॉप, अवजारे किंवा वाहनांच्या बॅटरीसंचात बसवण्यासाठी बनवले जातात. संचात त्यांच्यावर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. सुट्या सेलला ते संरक्षण नसते. सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचीही भूमिका हीच आहे.

भारतात ई-सिगारेटचा प्रश्न कायद्याने निकाली काढला आहे. सप्टेंबर २०१९ मधील अध्यादेश व त्याच वर्षी संमत झालेला कायदा यांनुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु त्या उपकरणांतला सेल येथे सर्रास विकला जातो. विजेरीच्या निमित्ताने तो घराघरांत पोहोचला आहे.

सेलच्या आत काय असते?

सेलच्या धातूच्या नळकांड्यात धन आणि ऋण विद्युतअग्रांच्या लांब पट्ट्या गुंडाळीसारख्या वळलेल्या असतात. त्यांच्यामध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि सगळीकडे ज्वालाग्राही द्रव भिनलेला असतो. पडदा फाटला, वितळला किंवा धातूचा सूक्ष्म कण त्याच्या आरपार गेला, की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. उष्णता निर्माण होते, उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि त्या क्रियांतून आणखी उष्णता बाहेर पडते. हे चक्र एकदा सुरू झाले की बाहेरून थांबवणे कठीण असते. चांगल्या सेलच्या डोक्याशी दाब वाढल्यास प्रवाह तोडणारी आणि वायूला वाट देणारी रचना असते. बनावट सेलमध्ये नेमका यावरच खर्च वाचवलेला असू शकतो.

नामवंत कंपन्यांकडूनही चूक होते. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. त्यांतील सेल सोनीने बनवलेले होते आणि उत्पादनाच्या वेळी आत राहिलेले धातूचे कण हे त्याचे कारण असल्याचे पुढे आले. १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल प्रथम बाजारात आणणारी कंपनी हीच. फरक एवढाच की, अशा वेळी माल परत घेणारा कोणी तरी जबाबदार असतो. नाव-गाव नसलेल्या सेलबाबत तक्रार कोणाकडे करणार?

नऊ हजारांचा सेल अस्तित्वात नाही

सेलची क्षमता मिलिअँपिअर-अवर म्हणजे ‘एमएएच’ या एककात सांगितली जाते. ३००० एमएएचचा सेल एक अँपिअर प्रवाह साधारण तीन तास देतो. १८६५० आकाराच्या नळकांड्यात किती साहित्य मावते, याला मर्यादा आहे. प्रतिष्ठित कंपन्यांच्या सेलची क्षमता बहुधा २५०० ते ३६०० एमएएच असते. मोजके नवे सेल चार हजारांच्या जवळ जातात. तेव्हा ५०००, ६८०० किंवा ९९०० असा आकडा छापलेला १८६५० सेल दिसला, तर तो आकडा खोटा आहे, हे निःशंकपणे समजावे. जो विक्रेता क्षमतेबाबत खोटे छापतो, त्याच्या सुरक्षिततेच्या दाव्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

अशा वेष्टनाखाली अनेकदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, थकलेले सेल असतात. काही सेल कापून पाहिले असता आत लहानसा सेल आणि उरलेल्या जागेत नुसती भुकटी भरलेलीही आढळली आहे. यावर सोपी कसोटी म्हणजे वजन. अस्सल १८६५० सेल साधारण ४३ ते ५० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर किंवा ओळखीच्या सराफाकडे सेल ठेवून पाहावा. तो ३०-३५ ग्रॅमच भरला, तर आत माल कमी आहे हे उघड आहे. वजन बरोबर भरले म्हणून सेल चांगलाच असेल असे मात्र नाही. थकलेल्या सेलचे वजन कमी होत नाही. त्यासाठी क्षमता मोजून दाखवणारा चार्जर उपयोगी पडतो. तो नसेल, तर पूर्ण भरलेल्या सेलवर विजेरी किती वेळ चालते, हे घड्याळ लावून पाहावे.

क्षमतेइतकाच प्रवाह महत्त्वाचा

दुसरा आकडा असतो सेल किती अँपिअर प्रवाह सतत देऊ शकतो याचा. वेष्टनावर तो बहुधा नसतो. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात पाहावा लागतो. क्षमता आणि प्रवाह यांचे सहसा वाकडे असते. सॅमसंगचा ‘२५आर’ हा २५०० एमएएचचा सेल २० अँपिअर देऊ शकतो, तर त्याच कंपनीचा ३५०० एमएएचचा ‘३५ई’ ८ अँपिअरपर्यंतच. व्हेपमध्ये हा फरक जिवावर बेतू शकतो. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. कॉइलचा रोध ०.२ ओहम असेल, तर ओहमच्या नियमानुसार २१ अँपिअर प्रवाह वाहू लागतो. आठ अँपिअरच्या सेलवर हा भार टाकणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय.

विजेरीचे गणित सौम्य असते. १० वॅटच्या दिव्याला ३.६ व्होल्टवर तीन अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो. म्हणून साध्या विजेरीसाठी अधिक क्षमतेचा, तर अनेक एलईडी असलेल्या प्रखर टॉर्चसाठी अधिक प्रवाहाचा सेल घेणे सयुक्तिक ठरते. विजेरीत बसत असेल, तर संरक्षक मंडल जोडलेला सेल घ्यावा. हे मंडल अतिचार्जिंग, अतिवापर आणि शॉर्ट सर्किट झाल्यास प्रवाह तोडते. मंडलामुळे सेलची लांबी ६९-७० मिलिमीटरपर्यंत वाढते; त्यामुळे विजेरीची नळी आधी मोजून घ्यावी.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पेन्सिल सेलच्याच आकाराचा ‘१४५००’ नावाचा लिथियम सेल मिळतो. त्याचा दाब ३.७ व्होल्ट, तर साध्या पेन्सिल सेलचा १.५ व्होल्ट असतो. घड्याळ, रिमोट वा खेळण्यात तो चुकून घातला, तर वस्तू जळू शकते. अशा वस्तूंसाठी १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल सुरक्षितही आहेत आणि पुरेसेही.

स्वस्त कोणता, महाग कोणता?

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहता येईल. ४०० रुपयांचा अस्सल सेल ३००० एमएएचचा आहे आणि ४०० वेळा चार्ज होतो, असे मानू. सरासरी ३.६ व्होल्टने तो आयुष्यभरात सुमारे ४३०० वॅट-तास ऊर्जा देईल; म्हणजे वॅट-तासाला नऊ पैसे. दुसरा सेल १०० रुपयांचा. वेष्टनावर ९९०० छापलेले, प्रत्यक्षात क्षमता ८००, आणि तो शंभर वेळा चार्ज होतो. त्याच्याकडून मिळणार २८८ वॅट-तास; म्हणजे वॅट-तासाला जवळपास ३५ पैसे. चौपट स्वस्त वाटलेला सेल वापराच्या हिशेबात चौपट महाग पडतो. शिवाय ऐन अंधारात विजेरी मालवली, तर त्याची किंमत वेगळीच.

खरेदी करताना पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी, सोनीचा सेल व्यवसाय २०१७ मध्ये घेणारी मुराता, तैवानची मोलिसेल अशा मूळ उत्पादकांचा सेल घ्यावा किंवा आत कोणाचा सेल आहे हे स्पष्ट सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यावा. या नावांचेही बनावट सेल निघतात. त्यामुळे बिल मागणे श्रेयस्कर. भारतात अशा सेलसाठी ‘आयएस १६०४६’ या मानकानुसार भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो.

वापरताना घ्यायची काळजी

सेलचे जवळजवळ संपूर्ण नळकांडे ऋण टोक असते. धन टोक म्हणजे फक्त डोक्याची टिकली. दोघांना वेगळे ठेवते ते वरचे पातळ प्लास्टिक आणि टिकलीभोवतीची चकती. हे वेष्टन फाटले असेल, तर सेल वापरू नये. किल्ल्या किंवा नाण्यांसोबत सुटा सेल खिशात टाकणे हा शॉर्ट सर्किट घडवण्याचा हमखास मार्ग आहे. दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी तो टाळते. विमानप्रवासातही सुटे सेल टोके झाकून हातातल्या सामानातच न्यावे लागतात.

चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा असावा. २५०० एमएएचच्या सेलला सव्वा अँपिअरच्या आसपासचा वेग मानवतो. झोपताना उशाशी, गादीवर किंवा घराच्या दाराजवळ चार्जिंग लावू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी. बहुतेक सेलसाठी चार्जिंगची कमाल तापमानमर्यादा ४५ अंश सेल्सिअस असते. विदर्भात मे महिन्यात दुपारचा पारा कित्येकदा त्यापलीकडे जातो. तेव्हा तेथे चार्जिंग रात्री उशिरा, घरातली मंडळी जागी असताना, किंवा पहाटे करावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत सेल ठेवू नयेत. दोन-तीन सेल लागणाऱ्या टॉर्चमध्ये एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले सेल वापरावेत. जुन्या-नव्याची जोडी जमवू नये.

चार्ज होताना सेल हाताला चटका देत असेल, फुगला असेल, गोडसर वास येत असेल किंवा भरून ठेवल्यावर चार-आठ दिवसांत आपोआप उतरत असेल, तर त्याचे आयुष्य संपले असे समजावे. सेल पेटलाच, तर हात न लावता आधी माणसांना बाहेर काढावे, शक्य असल्यास मुख्य वीज बंद करावी आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. वीज तोडल्यानंतर लहान आगीवर भरपूर पाणी ओतल्याने सेल थंड होतो.

निकामी सेल घंटागाडीत टाकणे धोक्याचे आहे. कचरा दाबणाऱ्या यंत्रात तो चिरडला गेला, तर तेथेच आग लागू शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापनाच्या २०२२ मधील नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन वा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून सेल ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा.

दुकानात उभे असताना एवढे सगळे आठवणे अवघड आहे, हे खरे. तरीही क्षमतेचा आकडा चार हजारांच्या पुढे असेल, सेल हाताला हलका लागत असेल आणि विक्रेता बिल देण्यास तयार नसेल, तर तो सेल तेथेच ठेवावा आणि पुढच्या दुकानाची वाट धरावी.